सोजरबाईंनी नापास केलेला स्कूप

साक्षीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी सगळे साक्षीकडे बघत होते आणि एक बाई कपाकडे बघत होती.

देहूरोडला, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमधली ती पुढची खोली. साक्षीने ट्रे फिरवला. निळ्या साडीतल्या त्या बाईंनी कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. डोळ्यांसमोर धरून खिडकीच्या उजेडात हळूच एक फेरा दिला आणि अंगठ्याचं नख कपाच्या कानाखालून फिरवलं. साक्षीची आई दारातून पुढे आली. कप नीट विसळला गेला नाही की काय? बाईंनी बशीत चहा ओतला, शांतपणे प्यायला, आणि मग म्हणाल्या, "कप चांगला हाय. कानाखाली जरा बर राहिलीय. तेवढी घासून घ्या, कुणाचं बोट कापंल."

धातूच्या किंवा चिनी मातीच्या कडेला जो बारीक धारदार कंगोरा राहतो त्याला कारखान्यात बर म्हणतात, हे साक्षीला तेव्हा माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की ही बाई आपली होणारी सासू आहे आणि तिने अजून आपल्याकडे पाहिलेलंही नाही. मग सोजरबाईंनी पाहिलं. स्वयंपाक येतो का, पगार किती, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते असं, "कुणी चुकीचं काही सांगितलं तर तू न्हाई म्हणतीस का?"

साक्षी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. घाईत रिपोर्ट मागणाऱ्या डॉक्टरांना नाही म्हणायची तिला सवय होती. ती म्हणाली, "म्हणते."

"मग बरं हाय," सोजरबाई म्हणाल्या, आणि बशी खाली ठेवली.

लग्न होऊन साक्षी चिखलीच्या घरी आली आणि हळूहळू तिला या बाईंचा उलगडा होत गेला. सोजरबाई मूळच्या उदगीरकडच्या. नवरा भिवा इकडे रंगकामाला लागला, त्याच्या मागोमाग त्या आल्या, आणि मुलगा धम्मपाल, म्हणजे साक्षीचा नवरा, शाळेत जायला लागल्यावर निघोज्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात चिकटल्या. तिथे अ‍ॅल्युमिनियम वितळवून साच्यात दाबायचे आणि गाड्यांचे लहानमोठे भाग काढायचे. सोजरबाई उंच स्टुलावर, तीन ट्यूबलाइटच्या खाली बसायच्या. प्रत्येक भाग हातात घ्यायचा, फिरवायचा, नख लावायचं, कुठे बर असली तर कानशीने काढायची. चांगला असेल तर हिरवा ठिपका. वाईट असेल तर लाल ठिपका आणि कुलपाची लाल पेटी. बावीस वर्षं हेच काम. लाल ठिपका दिलेला भाग परत हिरव्यात जात नाही, हा तिथला नियम होता, आणि सोजरबाईंनी तो कारखान्यापेक्षा जास्त पाळला.

एकदा गेटवर ट्रक उभा होता आणि सगळा लॉट त्यांनी लाल केला होता. सुपरवायझर पोरसवदा, गोड बोलणारा. तो म्हणाला, मावशी, एवढं भागतंय, जाऊ द्या की. कारखान्यात वयाने मोठ्या बायकांना सगळे मावशीच म्हणत. सोजरबाईंनी कानस खाली ठेवली. "तपासायला बसल्यावर मी मावशी न्हाई. मी तपासणारी हाय." ट्रक रिकामा गेला. सोजरबाईंना दोन महिने झाडलोटीवर घातलं. त्या झाडू मारताना कोपरेसुद्धा नखाने तपासायच्या, असं भिवाबाबा सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

पुढे तपासणीला कॅमेरा आला आणि स्टुलावरच्या बायका कमी झाल्या. सोजरबाई घरी बसल्या. तोवर उजव्या हाताच्या अंगठ्याचं मूळ कामातून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, शिरेवर सूज आहे, वर्षानुवर्षं एकच हालचाल केलीत. मनगटाला पट्टा दिला. पिळायचं नाही, दाबायचं नाही, वजन उचलायचं नाही.

हात थांबला तरी नजर थांबली नाही. साक्षीची लाल नेलपॉलिशची बाटली दर दोन महिन्यांनी संपायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरात ठिकठिकाणी लाल ठिपके उगवताहेत. कुकरच्या हलणाऱ्या कानावर, डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायावर, आणि सगळ्यात जास्त चमच्यांवर. घरातला एकही मोठा चमचा सरळ राहिला नव्हता. सगळ्यांच्या माना वाकलेल्या. कारण आइस्क्रीम.

या घराचं आइस्क्रीम वर्षातून एकदा मोठं होई. बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात खीरदान असायचं, आणि संध्याकाळी गल्लीतली सगळी माणसं सोजरबाईंच्या दारात यायची. घरात फ्रिज आला त्या वर्षापासूनची ही रीत. आधी दुधाची बर्फी म्हणावी असा दगड जमायचा, नंतर विकतचे मोठे डबे आले. वैशाखातलं ऊन, तापलेली गल्ली, आणि दारात उभ्या सोजरबाई, हातात चमचा. येईल त्याच्या वाटीत स्वतः वाढायच्या. प्रत्येकाला नावाने हाक मारायच्या, एखादं वाक्य बोलायच्या, आणि तेवढ्या वेळात त्यांचा हात डब्यात कोरत असायचा.

गेल्या वर्षी पंधरावीसजणांना वाढून झालं आणि त्यांच्या हातातून चमचा निसटला. नुसता निसटला नाही. अंगठ्यातून कळ गेली आणि हातच उघडला. आइस्क्रीमचा गोळा समोरच्या पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. साक्षीने पुढे होऊन चमचा घेतला आणि उरलेलं वाढलं. सोजरबाई आत गेल्या आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत बेसिनपाशी गार पाण्यात हात धरून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी आइस्क्रीमचं नाव काढलं नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये धम्मपालने विषय काढला. तो चाकणच्या मोठ्या कंपनीत लाइनवर होता, सरळ विचार करणारा, आईवर जीव असलेला. त्याने ठरवून टाकलं होतं: यंदा तयार कप आणायचे. ज्याने त्याने उचलायचे. आईने खुर्चीत बसायचं आणि लोकांनी येऊन नमस्कार करायचा.

"कप तर दुकानदार पण देतो," सोजरबाई म्हणाल्या.

"पण आई, हात..."

"हात माझा हाय. कप हातात ठेवला की माणूस पुढं निघून जातंय. वाढताना त्याला थांबावं लागतंय."

धम्मपालला हा हट्ट वाटला. साक्षीलाही थोडा वाटला. भिवाबाबांनी सून एकटी असताना तिला एकच गोष्ट सांगितली. सोजरच्या लहानपणी गावात कुणाच्या दारातून काही मिळालं तर ते वरून टाकलेलं मिळायचं, पसरलेल्या हातात. देणाऱ्याचा हात कधी जवळ आला नाही. एवढं सांगून ते पेपर वाचायला लागले. साक्षीने पुन्हा कपांची बाजू घेतली नाही.

धम्मपाल मात्र तोडगा काढणारा माणूस. त्याने मधला मार्ग काढला आणि ऑनलाइन एक स्कूप मागवला. चकचकीत, दोन पायांच्या पकडीसारखा. दांडा दाबला की वाटीत एक पट्टी सरकते आणि गोळा सुटतो. हजारो लोकांनी नावाजलेला. सोजरबाईंनी तो उजेडात धरला, दोनदा दाबला, आणि दुसऱ्या वेळी तोंड वाकडं केलं. दाबायचं ते अंगठ्यानेच होतं. शिवाय पट्टी फिरवणाऱ्या दातांच्या मध्ये नख गेलं, म्हणजे दूध जाणार, म्हणजे वास येणार. शिवाय डाव्या हातात धरला तर दांडा उलट्या बाजूला येत होता. संध्याकाळी धम्मपाल तो परत करायला निघाला तर स्कूपच्या पाठीवर ठसठशीत लाल ठिपका. कुरियरवाल्याने खूण केलेली वस्तू घ्यायला नकार दिला.

"आई, परत करायच्या मालावर कशाला गं ठिपका?"

"मग दुसऱ्याला चुकून जाईल की."

सोजरबाईंनी पट्टा बांधलेला हात पदराखाली घेतला आणि साक्षीला म्हणाल्या, रविवारी पिंपरीला चल. स्कूप मी निवडणार. हाताला झेपला तर मी वाढणार. न्हाई झेपला तर तुमचे कप आणा, मी खुर्चीत बसते. एकदा ठरलं ते ठरलं.

म्हणजे आता सगळं त्या एका स्कूपवर आलं.

पिंपरी कॅम्पातलं भांड्यांचं दुकान खोल आणि अरुंद होतं. दुकानात जायच्या आधी सोजरबाई शेजारच्या किराणावाल्याकडे वळल्या आणि मऊ गुळाचा एक मोठा खडा घेतला. साक्षीला वाटलं घरी पाहिजे असेल. दुकानात शेठने काउंटरवर पाच तऱ्हेचे स्कूप मांडले तेव्हा सोजरबाईंनी पिशवीतून गूळ काढला, कागदावर ठेवला आणि पहिला स्कूप त्यात घातला.

शेठ पाहत राहिले. "मौसी, ये आइस्क्रीमचा आहे."

"आइस्क्रीम तुमच्याकडं हाय का? न्हाई ना. मग गूळच."

पकडीचे दोन स्कूप गुळात अडकून बसले, पट्टी सरकेना. त्यांना सोजरबाईंनी बोटानेच बाजूला सारलं. तिसरा पत्र्याचा, पातळ. दाबल्यावर मान लवली, घरातल्या चमच्यांचा सख्खा भाऊ. चौथ्याचा दांडा बारीक आणि वर चकाकीचा मुलामा. सोजरबाईंनी वाटीच्या कडेला नख लावून एक बारीक पापुद्रा उचलून दाखवला आणि म्हणाल्या, आज निघतंय ते उद्या पोटात जातंय. दुकानात तोवर आणखी तीनचार गिऱ्हाइकं जमली होती आणि साक्षी भांड्यांच्या उतरंडीकडे बघत उभी होती.

पाचवा स्कूप हातात घेताच सोजरबाई जराशा थांबल्या. एकसंध अ‍ॅल्युमिनियम. कुठे सांधा नाही, खिळा नाही, फिरणारं काही नाही. दांडा जाड, गोलसर, मुठीत भरून येणारा. त्याचं बूड तळहाताच्या टाचेला टेकत होतं. अंगठ्याने काही करायचंच नव्हतं. वाटीची कड पुढे बारीक होत गेलेली, पण नख फिरवलं तर कापणार नाही अशी. गुळात घातला तर ढकलायला मनगट वाकवावं लागलं नाही. जोर थेट कोपरातून गेला. साक्षीने पाहिलं, सासूबाईंच्या चेहऱ्यावर ते स्टुलावरचं समाधान आलं होतं. बावीस वर्षं ज्या धातूला हात लावला तोच धातू होता.

मग त्यांनी दांड्याचं बूड पाहिलं. तिथे एक गोल बूच बसवलेलं होतं.

सोजरबाईंच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी स्कूप कानापाशी नेऊन हलवला. आत काहीतरी पातळ, अगदी बारीक आवाजात हललं. पुन्हा हलवला. पुन्हा तोच आवाज.

ओतकामात आत हवेची पोकळी राहते. ती बाहेर उघडी पडली तर भाग टाकून द्यायचा असतो. पण लबाड माणसं तिथे बूच ठोकतात आणि वरून घासून देतात. असले भाग सोजरबाईंनी आयुष्यभर पकडले होते. पिशवीतून नेलपॉलिश कधी निघाली हे साक्षीला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा दांड्याच्या बुडावर लाल ठिपका ओला चमकत होता.

"शेठ, हे भोक बुजवलेलं हाय. आत पाणी शिरलंय. असला माल लोकांच्या गळ्यात बांधू नका."

शेठचा चेहरा पडला. माल त्यांचा, ठिपका हिचा, आणि ऐकायला गिऱ्हाइकं. ते म्हणाले, वीस वर्षं दुकान आहे, कुणी असं केलं नाही. आता हा पीस तुम्हीच घ्या. सोजरबाई म्हणाल्या, रिजेक्ट माल मी घेत नाही, आणि ताठ मानेने पायऱ्या उतरल्या. एक बाई, जिच्या हातात तसलाच दुसरा स्कूप होता, तिने तो हळूच परत काउंटरवर ठेवला. साक्षीने शेठची मनापासून माफी मागितली, पैसे दिले, आणि लाल ठिपक्याचा स्कूप पर्सच्या तळाशी घातला.

परतीच्या बसमध्ये सोजरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पिंपरी सुटल्यावर म्हणाल्या, "कप सांग धम्मपालला. ठरलं ते ठरलं."

साक्षीला त्या क्षणी फार वाईट वाटलं. कारण तिने सासूबाईंना असं हरलेल्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिने पर्समधून स्कूप काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घेतलास?"

"ठिपका आपण दिला होता, आई."

सोजरबाईंनी तो उलटसुलट केला आणि पिशवीत टाकला. म्हणाल्या, बरंच झालं, कापून दाखवते तुला आतलं भोक.

पण कापायच्या आधी बुडवून बघायचं, ही कारखान्यातली शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादलीत कोमट पाणी घेतलं, स्कूप त्यात पूर्ण बुडवला आणि पाटावर बसून राहिल्या. गळका भाग असेल तर बुडबुडे येतात. पाच मिनिटं झाली. दहा झाली. एक बुडबुडा आला नाही. साक्षी लॅबला जायला निघाली होती, ती दारात थांबली.

"गळत न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. आवाजात समाधान नव्हतं, संशय होता. "पाणी आत शिरायला वाट न्हाई. मग आत गेलं कुठून?"

"कुणी घातलं असेल."

साक्षी हे सहज बोलली. सोजरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या स्कूपकडे. तो पुसला. तो गार होईपर्यंत बाजूला ठेवला. मग दांडा मुठीत घेऊन नुसत्या बसल्या. बराच वेळ. भिवाबाबांनी दोनदा चहा विचारला. मग त्यांनी वाटीचा भाग गालाला लावला, आणि लावूनच ठेवला.

वाटी कोमट होती. त्यांच्याच हाताच्या उबेने.

साच्यात धातू ओततात तेव्हा साचा तापून फुटू नये म्हणून त्याच्या पोटातून नळ्या काढून पाणी फिरवतात. पाणी उष्णता उचलून बाहेर नेतं. त्या नळ्यांच्या तोंडाला बुचंच असतात. हे सोजरबाईंनी हजारदा पाहिलं होतं. इथे कुणीतरी तेच उलटं वापरलं होतं: हाताची ऊब उचलायची आणि वाटीपर्यंत न्यायची, म्हणजे गोठलेलं आइस्क्रीम कडेला जरासं सुटतं आणि जोर लावावा लागत नाही. बूच लबाडीचं नव्हतं, कामाचं होतं.

"कुणीतरी डोक्यानं केलंय गं हे," त्या म्हणाल्या. फ्रिजरमधून धम्मपालने आणलेला आइस्क्रीमचा डबा काढायला साक्षीला सांगितलं. ज्या दगडात चमच्यांच्या माना मोडल्या होत्या त्यावरून स्कूप संथपणे ओढला. आइस्क्रीमची एक जाड लड वळत वळत वाटीत आली आणि गोळा झाला. मनगट सरळ होतं. अंगठा नुसता बाजूला टेकला होता. सोजरबाईंनी दुसरा गोळा काढला, मग तिसरा, आणि तिसरा खाल्ला. सकाळचे साडेआठ वाजले होते.

साक्षीने नेलपॉलिश पुसायची बाटली आणली तर त्यांनी हात आडवा केला. "लाल पुसायचा न्हाई. मी दिलेला हाय. शेजारी हिरवा दे. काय झालं ते दोन्ही दिसू दे." हिरवी नेलपॉलिश घरात नव्हती. ती साक्षीने लॅबमधून येताना आणली, आयुष्यात पहिल्यांदाच.

आणि दुसऱ्या दिवशी सोजरबाई साक्षीला घेऊन पुन्हा पिंपरीला निघाल्या. धम्मपालने थोपवायचा प्रयत्न केला. दुकानदार कधीच विसरला असेल, चारशे गिऱ्हाइकं येतात, तू कशाला माफी मागायला जातेस?

"माफी न्हाई. दुरुस्ती," त्या म्हणाल्या.

शेठ विसरले नव्हते. त्यांनी त्या जातीचे उरलेले सगळे स्कूप खोक्यात भरून ठेवले होते, व्यापाऱ्याला परत पाठवायला. सोजरबाईंना पायरीवर बघून ते उठून उभेच राहिले. दुकानात गर्दी होती. साक्षीला वाटलं, या हळू आवाजात बोलतील. पण सोजरबाई ज्या आवाजात परवा बोलल्या होत्या त्याच आवाजात बोलल्या.

"शेठ, परवा मी ह्या स्कूपाला लाल दिला. माझं चुकलं. आतलं पाणी मुद्दाम घातलेलं हाय, गळत न्हाई, मी बादलीत बुडवून बघितलं. पीस ओके हाय."

शेठ सावरले, हसले, म्हणाले, मौसी, बैठो, चाय घ्या. सोजरबाई बसल्या. चहा घेतला. खोकं उघडायला लावलं आणि आतल्या प्रत्येक स्कूपच्या बुचावर नख फिरवून बघितलं. सगळे ठीक निघाले. मग उठताना काउंटरवरच्या पकडीच्या स्कूपांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते मात्र लालच." शेठने कपाळाला हात लावला, पण ते हसत होते.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी गल्लीत ऊन अजून भिंतींना धरून होतं. घरासमोर सतरंज्या पडल्या. शेजारच्या सुभद्राबाई, गल्लीतलं कुठलंही काम अंगावर घेणाऱ्या, खुर्ची घेऊनच आल्या. त्यांना धम्मपालने सगळं सांगून ठेवलं होतं. कप त्यांच्याच फ्रिजरमध्ये ठेवले होते, आईचा हात मध्येच गेला तर असावेत म्हणून.

"सोजरताई, तुम्ही आता मानाच्या. खुर्चीत बसा. पोरी कप वाटतील, पटकन उरकंल."

"उरकायचं कशाला?" सोजरबाई म्हणाल्या. "लग्नाचं जेवण हाय का?"

"अहो, मागच्या वर्षी बघितलं ना आम्ही."

सोजरबाईंनी खुर्ची उचलली. रिकाम्या हाताने, डाव्या. ती भिंतीला लावली आणि भिवाबाबांना तिच्यावर बसवलं. "मागच्या वर्षी चमचा चुकीचा होता," त्या म्हणाल्या, "हात न्हाई." आणि डब्याचं झाकण काढलं.

पहिली वाटी सुभद्राबाईंचीच भरली. त्यांना नावाने हाक मारली, सुनेचं बाळंतपण कधी म्हणून विचारलं. मग रांग पुढे सरकत गेली, पण सावकाश, कारण प्रत्येकाला थांबावं लागत होतं. नोकरी बदललेल्या पोराला नव्या कंपनीचं विचारलं. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाचं नवीन घर. स्कूप डब्यात फिरत होता. साक्षी त्यांच्या मागे, एक हात अंतरावर उभी होती. पुढे व्हायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं, आणि हे बजावणं तिला फार जड जात होतं.

दुसरा डबा निम्मा झाला तेव्हा साक्षीला दिसलं: उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. धम्मपाललाही दिसलं. त्याने सुभद्राबाईंकडे पाहिलं आणि सुभद्राबाई कप आणायला वळल्या.

सोजरबाईंनी स्कूप उजव्या हातातून डाव्यात घेतला. त्याला उजवीडावी बाजू नव्हतीच. दांडा तसाच मुठीत बसला. पहिला गोळा जरा वेडावाकडा आला. दुसरा बरा आला.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या पाहुणीने नकळत नाक मुरडलं. "डाव्या हातानं वाढतेस, सोजर?"

सोजरबाईंनी तिच्या डोळ्यांत बघत तिची वाटी भरली. "हा पण माझाच हाय," त्या म्हणाल्या.

पाहुणी वाटी घेऊन पुढे गेली. दोन पावलांवर थांबून तिने चव घेतली, आणि थोड्या वेळाने पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. सोजरबाईंनी तिला ओळख न दाखवता दुसऱ्यांदा वाढलं. शेवटच्या माणसापर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. मग आत गेल्या, स्कूप घासणीविना नुसत्या हाताने धुतला, कपड्याने कोरडा केला, आणि तेव्हा कुठे भिंतीला टेकून खाली बसल्या. साक्षीने त्यांच्या दोन्ही मनगटांना तेल लावलं.

कप सुभद्राबाईंच्या फ्रिजरमध्येच राहिले. पुढचा आठवडाभर त्यांच्याकडे जो येई त्याला चहाऐवजी आइस्क्रीम मिळालं.

सोजरबाई आता एकसष्ट वर्षांच्या आहेत. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्या रोज सकाळी दोन्ही हातांनी दाबतात, आणि त्या घरात आइस्क्रीम त्याच वाढतात.